तीन कोटेशनं आणि एक ग्राफिक कार्ड

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात तीन कोटेशनं घेतल्याशिवाय एकही वस्तू घरात आणली नाही. मी वाढवून सांगत नाही. ते एका सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत कारकून होते, आणि ती शाखा ते रोज संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या दोन खोल्यांत मिक्सर आला तो तीन कोटेशनांनंतर, पंखा आला तोही तीन कोटेशनांनंतर. ताईच्या लग्नात बँडवाल्याकडे त्यांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट दर मागितले, तेव्हा त्या बिचाऱ्याने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काकू, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

आई म्हणाली, "तब्येत ठणठणीत आहे. तुम्ही लिहून द्या, नाहीतर सुटका नाही."

आणि दोन हजार चार साली मी या माणसाच्या पैशांनी कॉम्प्युटर घ्यायला निघालो होतो.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी दोनदा आपटी खाऊन शिक्षणाला रामराम ठोकला होता आणि सीबीएस स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओसाठी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत होतो. कॅमेरा मालकांचा, कॅसेट मालकांच्या, खांदा माझा. शूटिंग झालं की कॅसेट मिक्सिंग लॅबला जायच्या. तिथे एक माणूस कॉम्प्युटरवर त्या कापायचा, जोडायचा, गाणी घालायचा, नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायचा आणि सीडी करून द्यायचा. लग्नसराईत लॅबपुढे दीड-दोन महिन्यांची रांग असायची. खरं काम त्या खुर्चीत आहे, हे मला त्या माणसाच्या पाठीमागे तासन्‌तास उभं राहून कळलं होतं. बाबांना ते कळत नव्हतं. त्यांच्या मते मी लिपिकाच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या, आणि दर महिन्याला कुठला ना कुठला फॉर्म ते माझ्या उशीखाली सरकवून ठेवायचे. झोपताना कानाशी कागद वाजला की माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी मे महिन्यात कळवणजवळच्या एका गावात लग्न होतं. नवरदेव फौजेत होता. वरात संपली, मी कॅमेरा बॅगेत भरत होतो, तर तो स्वतः माझ्यापाशी आला. फेटा काढून काखेत मारला होता.

"भाऊ, सीडी कधी देणार?"

"दोन महिने धरा," मी म्हणालो. "सीझन आहे."

"माझी सुट्टी एकोणीस दिवस राह्यली. पुढची सुट्टी आता वरीसभरानं." तो शांतपणे बोलत होता, हट्ट नव्हता, आर्जवं नव्हती. "तिकडं बराकीत टीव्ही हाय, सीडी प्लेयर हाय. आज सगळं गाव जमलं व्हतं, भाऊ. मला ही सगळी माणसं संगं घिऊन जायचीत. जायच्या दिवशी नाशिक रोड ठेसनावर माझ्या हातात सीडी ठिवा, बास."

मी हो म्हणालो. आता मला कुणी सांगितलं होतं हो म्हणायला? घरी कॉम्प्युटर नाही, लॅबमध्ये वशिला नाही, आणि मी छाती काढून हो म्हणालो. परत येताना एस.टी.त खिडकीला डोकं टेकवून स्वतःलाच शिव्या घातल्या. पण मनातून ठरलं होतं. हे काम मीच करायचं, आणि ते करून बाबांना दाखवायचं.

स्टुडिओच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "कर की. लॅबला द्यायचे वाचले तर माझं काय दुखतंय? पण तो गाडीत बसला की तिन्ही कॅसेट माझ्या टेबलावर पाहिजेत. जूनमधल्या लग्नांना लागतील." हे तेव्हा सगळीकडे असंच होतं. कॅसेट महाग, त्यामुळे एकीवर पाच-सहा लग्नं चढायची. सीडी पार्टीला गेली की जुन्या लग्नावर नवं लग्न.

बाबांना सांगितलं. मला वाटलं आता फॉर्मचा विषय निघणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "जवानाचं काम आहे?"

"हो."

"तारीख ठरलेली आहे?"

"हो. आजपासून सतरा दिवस."

"मग घेऊ. तीस हजारांत बसव. फक्त खरेदी रीतसर होईल."

रीतसर हा शब्द ऐकून मी कॅलेंडरकडे बघितलं.

यादी करायला बसलो. मी तिसऱ्या दिवशी सकाळी एका कागदावर भराभरा लिहिली होती: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरात उतरवायचं कार्ड, सीडी रायटर, मॉनिटर, कॅबिनेट, यूपीएस. बाबांनी तो कागद दोन बोटांनी बाजूला सारला आणि फूलस्केपवर पट्टीने रकाने आखायला घेतले. अनुक्रमांक, तपशील, परिमाण, दर, शेरा. प्रत्येक वस्तूचा तपशील मला विचारायचे, मी सांगायचो, आणि ते लिहून झाल्यावर पुढे स्वतःच्या मनाने दोन शब्द जोडायचे: किंवा समतुल्य.

"समतुल्य कशाला?" मी विचारलं.

"एकाच कंपनीचं नाव घातलं तर पक्षपात होतो."

"बाबा, इथे ऑडिट येणार आहे का?"

"सवय असावी," ते म्हणाले आणि पुढची ओळ आखली.

मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं की प्रोसेसर जगात दोनच कंपन्या करतात आणि एकीचा दुसरीच्या मदरबोर्डात बसत नाही. पण मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं डोक्यातच आलं नाही. आणि त्या दिवशी माझं सगळं लक्ष यादीतल्या पाचव्या ओळीवर होतं.

आता ते सांगूनच टाकतो. गंगापूर रोडला एक गेमिंग पार्लर होतं. तिथे ताशी पैसे मोजून मी वर्षभर बंदुकांचे गेम खेळत होतो. घरच्या कॉम्प्युटरवर ते गेम चालवायचे तर ग्राफिक कार्ड हवंच. लग्नाच्या मिक्सिंगला मात्र त्या काळी त्या कार्डाचा काडीचा उपयोग नव्हता. मिक्सिंगला लागायची जागा, म्हणजे मोठी हार्ड डिस्क. एका तासाच्या कॅसेटला तेरा जीबी जायचे. हे मला लॅबवाल्याने दहा वेळा सांगितलं होतं.

बाबांनी बेरीज केली. तीस हजारांच्या वर जात होती. पेन्सिल कानामागे अडकवून ते म्हणाले, "हे कार्ड घेतलं तर डिस्क चाळीसचीच येते. कार्ड सोडलं तर ऐंशीची येते आणि वर थोडे उरतात. मला यातलं काही कळत नाही. तू सांग, जवानाच्या कामाला काय लागतं?"

"कार्ड," मी म्हणालो. "कार्डाशिवाय एडिटिंग होतच नाही."

त्यांनी मान डोलावली आणि पाचव्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं: कामासाठी अत्यावश्यक.

मग सुरू झाली कोटेशनांची यात्रा. पहिलं दुकान कॅनडा कॉर्नरला, दुसरं एम.जी. रोडला, तिसरं थेट नाशिक रोडला, कारण तिसरं लांबचं असलं की दुकानदार आपसात रेट ठरवत नाहीत म्हणे. स्कूटरवर मागे बसून मीही गेलो होतो एम.जी. रोडला. दुकानात ही गर्दी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, तोंडी सांगतो ना, दोन मिनिटांत."

"तोंडी नको. लेटरहेडवर, वस्तूवार दर, टॅक्ससकट, पंधरा दिवस मुदत, आणि पाकीट बंद करून."

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"परवा या," तो म्हणाला. परवा गेलो तर म्हणाला सोमवारी या. सोमवारी त्याच्याकडे शिक्का नव्हता. मी म्हटलं बाबा, राहू द्या शिक्का. ते म्हणाले, शिक्क्याशिवाय कोटेशन म्हणजे नुसतं पत्र. तिकडे जवानाचे दिवस संपत चालले होते आणि इथे आम्ही शिक्क्यासाठी थांबलो होतो. मी रोज कॅलेंडरवर एक फुली मारायचो आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात मारायचो. आई म्हणायची, "मला काय दाखवतोस? ताईच्या लग्नात मीही हेच बघत होते."

लग्नाला नऊ दिवस झाले तेव्हा कुठे तिन्ही पाकिटं जमली. ती फोडायला बाबांनी कचेरीतली वेळ लावली. संध्याकाळी सहा वाजता, टेबलावर पाकिटं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साक्षीदार म्हणून आई. तिला भाकऱ्या सोडून बोलावलं. तिने पिठाचे हात पुसले, तिन्ही कागदांवर सही केली आणि भाकरी करपतेय म्हणत परत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला तीन दिवसांच्या शूटिंगला पेठला जायचं होतं. जाताना मी बाबांना हात जोडून म्हटलं, "मी येईपर्यंत घेऊन ठेवा. आता अजून काही पाहू नका."

"तक्ता झाला की घेतो," ते म्हणाले.

पेठच्या लग्नात मला काही सुचत नव्हतं. तिथे कॅमेरा एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. बाराव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर सगळे खोके ओळीने मांडलेले. प्रत्येकाला टाचणीने बिल लावलेलं. आईने कुंकू लावून ठेवलं होतं, बाजूला नारळ. बाबा नवा शर्ट घालून उभे होते. हातात तुलनात्मक तक्ता.

"वस्तूवार लोएस्ट काढला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा फुललेला फार कमी वेळा बघितलाय. "प्रत्येक वस्तू जिथे स्वस्त तिथून. दोन हजार वाचवले."

मी पहिला खोका उचलला. प्रोसेसर, कॅनडा कॉर्नरचा. दुसरा उचलला. मदरबोर्ड, एम.जी. रोडचा. दोन्ही परत बघितले. मग तिसऱ्यांदा बघितले. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला. तीनही दुकानांनी आपापल्या परीने जोडी बरोबर लिहिली होती. बाबांनी एका जोडीतला नवरा घेतला होता आणि दुसऱ्या जोडीतली नवरी.

मी दोन्ही खोके पलंगावर टाकले आणि ओरडलो. "हे एकमेकांत बसत नाही. समजतंय का? बसतच नाही. हे सगळं इथे नुसतं मांडून ठेवा आता आणि आरती करा. सात दिवस राहिलेत. तुमच्या कोटेशनांनी वाट लावली माझी. कचेरीत करा हे, घरी कशाला? मी त्या माणसाला काय तोंड दाखवू?"

आई म्हणाली, "हळू बोल."

"काय हळू बोल? यांना एक वस्तू सरळ घेता येत नाही."

बाबांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. शर्ट बदलला. जेवताना फक्त एवढंच विचारलं, "यातलं कुठलं एक बदललं तर जमेल?"

"मदरबोर्ड," मी म्हणालो. "पण सील फोडलंय तुम्ही. दुकानदार परत घेणार नाही. विसरा."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः एम.जी. रोडला गेलो, भांडलो, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. दुकानदाराने मला बिलाच्या खालची बारीक ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी तोंड पाडून घरी आलो. बाबांनी ऐकून घेतलं आणि फूलस्केपचा ताव काढला.

त्यांनी अर्ज लिहिला. प्रति, मालक. विषय, मदरबोर्ड बदलून मिळणेबाबत. संदर्भ, आपले कोटेशन आणि आपले बिल. महोदय, आपल्या कोटेशनमध्ये मदरबोर्ड व प्रोसेसर एकत्र न घेतल्यास निरुपयोगी ठरतात अशी सूचना दिलेली नाही, ती देणे विक्रेता म्हणून आपणांस अपेक्षित होते. अशी दोन पानं, तीन प्रतींत, कार्बन घालून. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दुकानात जाऊन एकच गोष्ट मागितली. बदलून द्या असं नाही म्हणाले. म्हणाले, "अर्ज मिळाल्याची पोच द्या. सही, तारीख आणि शिक्का."

मी दाराशी उभा होतो. दुकानदार म्हणाला, "काका, पोच कशाला?"

"पुढच्या पत्रव्यवहारासाठी."

"पुढचा म्हणजे?"

"तुम्ही उत्तर दिलं नाही, तर मी स्मरणपत्र देईन."

बाबा काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सरकून वाट देत होते, कुणाशी काही बोलत नव्हते. दीड तास बसले. दुकानदाराने त्या दीड तासात तीन वेळा त्यांना चहा विचारला. शेवटी मदरबोर्डाचा दुसरा खोका काउंटरवर ठेवला, वरचा फरक घेतला आणि म्हणाला, "काका, हात जोडतो. पत्र नका पाठवू."

घरी येताना स्कूटरवर नवा खोका धरून मी मागे बसलो होतो. दोन दिवसांपूर्वी त्यांना जे बोललो होतो त्याबद्दल चुकलं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "अजून दोन दिवस आधी झालं असतं तर बरं झालं असतं." असा होतो मी.

पंधराव्या दिवशी मशीन चालू झालं. आणि सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात आधी मी त्यात गेम टाकला. कार्ड नीट चालतंय का ते बघायला, असं बाबांना सांगितलं. ते शेजारी स्टूल घेऊन बसले आणि तीन तास माझ्या बंदुकीतून सुटणाऱ्या गोळ्या बघत राहिले. मधेच म्हणाले, "चित्र अगदी स्वच्छ आहे हो."

मग कामाला लागलो तर अर्ध्या दिवसात घोडं अडलं. चाळीसच्या डिस्कमध्ये सॉफ्टवेअर जाऊन तिशीच्या आसपास जागा उरली होती, त्यातली थोडी सीडी बनवायला मोकळी ठेवावी लागणार. तीन कॅसेटचे एकोणचाळीस जीबी त्यात कुठून मावणार? एकेक कॅसेट उतरवायची, तिचं काम संपवायचं, डिस्कवरून पुसायची, मग दुसरी, असं टप्प्याने जमलं असतं. पण त्याला दिवस लागतात, आणि दिवस सगळे पाकिटांत आणि शिक्क्यांत गेले होते. वर भारनियमन. रोज दुपारी दोन तास वीज जायची. तक्त्यात सगळ्यात स्वस्त ठरलेला यूपीएस पंधरा मिनिटांच्या नावाखाली सहा मिनिटं टिकायचा. सीडीची फाइल बनायला चार-पाच तास लागायचे, आणि ती ऐंशी टक्क्यांवर आली की पंखा बंद पडायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी कीबोर्ड उचलून आपटणार होतो. आईने हातातून काढून घेतला.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, सगळं उतरवायचंच कशाला? हळद हवी, लग्न हवं, सप्तपदी हवी, वरातीतला नाच हवा. तिसऱ्या कॅसेटवर जवळजवळ सगळा आहेरच होता. त्या भागातल्या लग्नात माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात, तो माणूस स्टेजवर येतो, पाकीट देतो, त्याला टोपी-टॉवेल देतात, तो नवरा-नवरीजवळ उभा राहतो, कॅमेऱ्याकडे बघतो, खाली उतरतो. मग पुढचा. पाऊण तास तेच. शूटिंग करताना खांदा मोडून येतो आणि बघताना झोप. लॅबवाला आहेराला कचरा म्हणायचा. मीही म्हणालो, कोण बघतंय हे, आणि ती कॅसेट मशीनला लावलीच नाही. जागेचा प्रश्न सुटला. उरलेल्या वेळात मी नवरा-नवरीला गुलाबातून बाहेर काढलं, एका चित्राचं पान उलटून त्यातून दुसरं काढलं, नावं सोनेरी अक्षरांत फिरवली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दोन सीडी तयार झाल्या. मी स्कूटर काढून नाशिक रोडला सुटलो. तो फलाटावर ट्रंकेवर बसला होता, सोबत त्याची बायको आणि धाकटा भाऊ. सीडी बघून उभा राहिला. कव्हरवर मी त्यांचा फोटो छापला होता, त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"वेळेत आणली, भाऊ," तो म्हणाला. "मला नव्हतं वाटलं."

त्याने त्या ट्रंकेत न ठेवता अंगावरच्या बॅगेत ठेवल्या. गाडी हलली तेव्हा मला जे वाटलं ते बी.एस्सी. पास झालो असतो तरी वाटलं नसतं. तिथून थेट स्टुडिओत गेलो, तिन्ही कॅसेट मालकांच्या टेबलावर ठेवल्या आणि पुढचं काम विचारलं. संध्याकाळी घरी आलो तर बाबांनी विचारलं, "पोचली?" मी म्हटलं, पोचली. त्या महिन्यापासून उशीखाली फॉर्म यायचे थांबले.

जुलैत एक दिवस सकाळी फोन आला. बाबांनी उचलला, नीट उभं राहून बोलले आणि माझ्याकडे दिला. "तुझा जवान," म्हणाले आणि तिथेच खुर्चीत बसले.

"भाऊ, सीडी लय भारी," तो तिकडून मोठ्याने बोलत होता, लाइनमध्ये खरखर होती. "चार वेळा लावली बराकीत. गुलाबातून भायेर येतो तिथं पोरं शिट्ट्या मारत्यात." मी हसलो. मग तो म्हणाला, "एक इचारायचं व्हतं. तिसरी सीडी तुमच्याकडं राह्यली का? आहेराची?"

"का हो?"

"वडील दिसले नाय कुठं. त्यांचंच चुकतं तसं. दिवसभर पंगतीत, पाण्याच्या टँकरपाशी. लग्न लागलं तवा चुलीपाशी व्हते. मांडवात आलेच नाय. आहेराला मी माइकवरून नाव पुकारायला लावलं तवा आले. टोपी घातली, माझ्याजवळ उभे राह्यले. तुम्हीच म्हणले व्हते त्यांना, काका, इकडं बघा. तेवढं असलं तर पाठवा. लय नाय, तेवढंच."

मी आठवायचा प्रयत्न केला. काका इकडं बघा, हे मी दिवसातून दोनशे वेळा म्हणतो. त्यांचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"तिथे कॅसेट खराब झाली हो," मी म्हणालो. "चित्रात सगळे दाणे आले. घेता नाही आलं."

मग तो म्हणाला, "असू द्या, भाऊ. तुम्ही तरी काय करणार? मशिनरीचं काम हाय." मागे रांग होती वाटतं, कुणीतरी त्याला हाक मारली. नाशकात पाऊस कसा हाय, एवढं विचारून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणत होता?" बाबांनी विचारलं.

"आवडली म्हणाला."

मी चप्पल घातली आणि स्टुडिओत गेलो. मालक फोटो कापत बसले होते. त्यांना म्हटलं, मेमधल्या कळवणच्या लग्नाची तिसरी कॅसेट काढा. त्यांनी खोक्यात शोधून दिली. वरच्या चिठ्ठीवर कळवणकडच्या गावाचं नाव खोडून खाली सिन्नरचं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं, तरी कॅसेट कॅमेऱ्यात घातली, कानाला हेडफोन लावला आणि पहिल्यापासून बघायला बसलो.

त्यावरही आहेरच होता, सिन्नरच्या लग्नाचा, जूनमध्ये मीच काढलेला. नाव पुकारलं की माणूस येत होता, पाकीट देत होता, टोपी घालून घेत होता, उभा राहत होता, जात होता. मी एकदाही पुढे पळवलं नाही. शेवटाला काही जुनं राहिलं असेल, या आशेने सगळं बघत राहिलो. अगदी शेवटी, सिन्नरच्याच त्या मांडवात, एक वाळकेसे गृहस्थ घाईघाईने स्टेजवर चढले. हात ओले होते, ते त्यांनी सदऱ्याला पुसले, नवरदेवाच्या खांद्यावर ठेवायला उचलले आणि ठेवावेत की नाही ते न कळून तसेच धरून उभे राहिले. हेडफोनमध्ये माझाच आवाज आला, "काका, इकडं बघा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कॅसेट संपली.